उंटिणीचे पाटे

मामाची जीप रिकामी उभी असली की ऐटीत दिसायची. माणसं चढली की मात्र तिचं मागचं अंग खाली जायचं, नाक वर व्हायचं, आणि पहाटेच्या अंधारात पुढचे दिवे रस्ता सोडून बाभळीच्या शेंड्यांवर पडायचे. मी त्या वर्षी बारावीला होते. रोज त्याच जीपमध्ये बसत होते, रोज ते बाभळीचे उजळलेले शेंडे बघत होते, आणि मला ते छान वाटायचं. गाडी काहीतरी सांगते आहे हे कळायला मला त्या हिवाळ्याचा शेवट उजाडावा लागला. मामाला मात्र सगळं ठाऊक होतं. त्यानं ते स्वतःपासूनच झाकून ठेवलं होतं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ, दिगंबर. लष्करात ट्रक चालवून निवृत्त झाला, लग्न केलेलं नव्हतं, एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन आमच्याकडे आला तो राहिलाच. गावात सगळे त्याला फौजी म्हणत. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांची बदली पार मारेगावकडे झालेली, ते पंधरा दिवसांतून एकदा शनिवारी संध्याकाळी येत. त्यामुळे घरात रोजची माणसं तीनच, आई, मामा आणि मी. शेत आईच बघायची.

आमचं गाव फुलसावंगीच्या आत, नाल्यापलीकडे. फुलसावंगीपर्यंत यष्टी यायची आणि तिथून उमरखेडच्या कॉलेजात जाता यायचं. पण गाव ते फुलसावंगी हा सगळा काळ्या मातीचा गाडरस्ता, आणि मधल्या नाल्यावर पूल नव्हता. हिवाळ्यातसुद्धा कालव्याचं पाणी सोडलं की नाल्याला मांडीभर पाणी यायचं. मामानं लिलावातली जुनी जीप आणली आणि या नाल्यासाठीच ती उंच करून घेतली. पाटे म्हणजे चाकांजवळ एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान, गाडीचं सगळं ओझं तिच्या अंगावर असतं. आमच्या जीपचे पाटे मुळात एक्सलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्याच्या, खाली होते, ते त्यानं एक्सलच्या वर बसवले, मोठी चाकं घातली, आणि गाडी वीतभर वर आली. चढायला मागे एक लोखंडी पायरी जोडावी लागली. बाया लुगडं सावरत चढायच्या आणि म्हणायच्या, "उंटिणीवर बसून राह्यलो वो माय!" तेच नाव पडलं. गावातल्या आम्ही नऊ मुली रोज त्या उंटिणीवरून नाला ओलांडून यष्टीला जायचो. आमच्याआधी त्या गावातून एकही मुलगी दहावीच्या पुढे गेली नव्हती. त्या काळात मला यात काही विशेष वाटलं नाही, कारण नाला ओलांडणं हेच मोठं काम होतं.

त्या वर्षांत आमच्या घरात बोललेला शब्द लांब जात नसे. कापसाचे भाव पडलेले, आज चढतील, उद्या चढतील म्हणून गावातल्या प्रत्येकानं कापूस घरातच ठेवलेला. आमची मधली खोली आढ्यापर्यंत भरली होती. आई चुलीपाशी बसून हाक मारायची तर ती हाक कापसात मुरून जायची. मग ती उलथन्यानं ताट वाजवायची आणि आम्ही जेवायला जायचो. कापूस जुना होत गेला तशी अंगाला खाज सुटायची, उंदीर आत बिळं करायचे, आणि सरकीचा तो तेलकट वास कपड्यांना, वह्यांना, उशीला लागून राहायचा. माझ्या मुलीला हे सांगितलं की तिला वाटतं, किती मऊ मऊ घर असेल! तसं नव्हतं. घरात ज्वारीची कणगी भरलेली असली की माणसाला धीर येतो. कापूस भरलेला असला की माणूस दिवसातून दहा वेळा त्याच्याकडे बघतो आणि भाव विचारत फिरतो. पण सकाळी आई पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजायची, त्यात पातीचा कांदा आणि तुरीचे हिरवे सोले ठेचून घालायची, आणि तव्यावरची भाकर फुगून फुस्स करायची, तेवढा वेळ ते घर बाकीच्या घरांसारखंच असायचं.

सरकारी कापूस संकलन केंद्राचं फाटक कधी उघडेल आणि कधी बंद होईल याचा नेम नसायचा. बैलगाड्या दिवस दिवस रांगेत उभ्या राहायच्या. केंद्र उघडल्याची खबर आली की लोक मामाकडे धावत यायचे. मामानं कोणाला नाही म्हटलं नाही. कापसाची गाठोडी बांधून बांधून जीपवर एवढी चढवायचे की पाठीमागून नुसता पांढरा डोंगर हलताना दिसायचा. दोन हंगाम हे चाललं. पाट्यांची कमान हळूहळू सरळ होत गेली, आणि जीप मागून बसायला लागली तेव्हा मामानं एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये सागाचे दोन ठोकळे घातले. जीप पुन्हा उंच दिसायला लागली.

परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. सकाळची वेळ, नाल्याला पाणी होतं, आम्ही नऊजणी मागे दाटीवाटीनं बसलेल्या. मधोमध आल्यावर जीपनं एक गचका खाल्ला, खालून लाकूड फुटल्याचा आवाज आला, आणि आमची बाजू एकदम खाली गेली. चाक वरच्या पत्र्याला दाबून घासायला लागलं, रबराचा जळका वास आला, आणि जीप तिरपी होऊन थांबली. कोणीतरी किंचाळलं. कमल कडेला बसली होती ती सरळ पाण्यात पडली. पाणी मांडीभरच होतं, पण पडलेल्या माणसाला मांडीभर पाणीही पुरतं. मी आणि आणखी एकीनं तिला वेणीला धरून वर काढलं. तिची प्रयोगवही वाहत गेली. वर्षभराची चित्रं, सह्या, सगळं. मामानं पाण्यात उतरून जीपचं मागचं अंग उचलायला खांदा लावला आणि तिथल्या तिथे कमरेत वाकला तो सरळच होईना.

कमलचे वडील किसनराव काठावरच्या वावरात हरभऱ्याला पाणी देत होते. ते बैल घेऊन धावत आले, दोर लावून जीप बाहेर ओढली. मग त्यांनी भिजलेल्या कमलकडे बघितलं. तिच्या कोपरातून रक्त येत होतं.

"फौजी," ते म्हणाले, "तुले ठाव होतं का नाई, गाडी अशी झाली म्हणून?"

मामा जमिनीवर बसला होता. त्यानं खोटं सांगितलं असतं तर मला आज त्याच्याविषयी एवढं लिहावंसं वाटलं नसतं.

"ठाव होतं," तो म्हणाला.

"मंग कायले बसवल्या पोरी?"

किसनराव बैल सोडवत म्हणाले, "उद्यापासून कमल येत नाई. लय झालं कॉलेज."

दिवस मावळायच्या आत आणखी सहा घरांतून तोच निरोप आला. मी रागानं धुमसत होते. आईजवळ किसनरावांना बोल लावायला गेले तर तिनं मला थांबवलं. "त्याचं चुकलं कुठं?" ती म्हणाली. "पोरगी त्याची पडली पाण्यात. मी असती तं मीही तेच म्हटलं असतं."

मामा बाजेवर उताणा पडला होता. कमरेला आईनं गरम विटेचा शेक दिला होता. मी त्याच्या पायथ्याशी बसले.

"मामा, ठोकळे काहून टाकले होते?"

"उंची दिसावी म्हणून." तो आढ्याकडे बघत बोलत होता. "पाटे मेले हे मले ठाव होतं, सुमे. ठोकळ्यानं गाडी वर येते, पण पाट्यात जोर नाई येत. फौजेत कोण्या पोऱ्यानं असं केलं असतं तं मी त्याचे कान उपटले असते."

"मंग पाटे काढू. सुदे करू."

"कोण काढन? मले कूस बदलता येत नाई."

"मी काढतो. तू सांग."

"तुही परीक्षा हाय."

"परीक्षेले जाऊ कायच्यावर?"

आई दारात उभी होती. तिच्या हातात पिठाचं भांडं होतं. "सांग तिले, दादा," ती म्हणाली. "पडल्यापडल्या सांग. तोंडाले काय झालं तुह्या?"

दुसऱ्या दिवशी मामाची बाज अंगणात आणून जीपशेजारी ठेवली. त्यानं सांगायचं आणि मी करायचं. पुढच्या चाकांना दगड लावले, जॅकवर मागचं अंग उचललं, आणि सांगाड्याखाली बाभळीचे दोन ओंडके घातले. ओंडके नीट बसले की नाही हे मामानं मला तीन वेळा हलवून बघायला लावलं, तेव्हाच खाली शिरू दिलं. पाटे एक्सलला ज्या वाकड्या बोल्टांनी आवळलेले असतात त्यांचे नट गंजून एकजीव झाले होते. डिझेल ओतलं, वाट बघितली, पान्याच्या दांड्याला पाइप लावून लटकले, तरी ते हलेनात. तळहातांना फोड आले, फुटले. आई शेतातून आली की येताजाता बघायची. दुपारी तिनं मला स्वतःच्या हातानं भाकर भरवली, कारण माझ्या हातांना डिझेल लागलं होतं.

तो शनिवार होता. बाबा संध्याकाळी पिशवी घेऊन अंगणात आले तर त्यांना जीपखालून फक्त माझे पाय दिसले. मला वाटलं, आता अभ्यासाचं विचारतील. त्यांनी पिशवी खुंटीला लावली, सदरा काढून घडी करून बाजेवर ठेवला, आणि खाली वाकून म्हणाले, "कोणता पाना देऊ?" माझे वडील आयुष्यात कधी जीपखाली गेले नव्हते. रविवारभर ते आणि मी मिळून पाइपला लटकलो आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे पाटे खाली उतरवले. मधला बोल्ट सोडण्याआधी मामा ओरडला, "शिकंजा लाव आधी! नाई तं पाटे उडून तोंडावर येतीन!" शिकंज्यात पाटे घट्ट दाबून धरले आणि बोल्ट हळूहळू सोडला. पाटे एकेक करून सुटे झाले. धुऊन अंगणात मांडले तेव्हा बघितलं, ज्यांची कमान असायला हवी ते जवळजवळ सपाट होते, आणि उजवीकडच्या दुसऱ्या पाट्याला मधल्या भोकापासून केसासारखी चीर गेली होती.

आता हे वाकवायचे कुठे? पाटेवाल्याचं दुकान उमरखेडला होतं, पण एवढं लोखंड नेणार कशावर, आणि तिथे नंबर लागणार कधी? आईच म्हणाली, "शाळेमागं घिसाडी आले ना!" घिसाड्यांची दोन पालं दरवर्षी त्या दिवसांत गावात यायची. विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, म्हणजे पाती, करून द्यायचे. नवरा शंकर सांडशीनं लोखंड धरायचा आणि बायको हिराबाई घण मारायची. लहानपणी आम्ही तिला बघायला जायचो. कासोटा घातलेली उंच, काटक बाई, घण डोक्यावरून मागे नेऊन मारायची आणि दर घावाला तोंडातून 'हं' असा आवाज काढायची.

मी एक पाटा खांद्यावर टाकून गेले. हिराबाईनं तो हातात घेतला, नखानं वाजवला.

"झकास पोलाद हाय. याचे विळे लय चांगले होतात. विकतं का?"

"विकायचा नाई, मावशी. वाकवायचा हाय. पहिल्यासारखी कमान पाह्यजे."

ती नवऱ्याकडे बघून हसली. "आजवर पाट्याचे विळे करून मागतलेले पाह्यले. पाट्याचा पाटाच करून दे म्हणणारी तूच भेटली."

शंकरनं पाटा उचलून सरळ भट्टीत सारला. मी त्याचा हात धरला. असं परक्या माणसाचा हात धरणं त्या वयात, त्या गावात साधी गोष्ट नव्हती. "तापवू नका," मी म्हटलं. "मामा नाई म्हणते."

"बिनतापवता लोखंड वाकते काय?" तो चिडला. मग मामाच आला. काठी टेकत, दर चार पावलांवर थांबत, शाळेमागपर्यंत येताना त्याला अर्धा तास लागला असेल. "शंकरभाऊ," तो म्हणाला, "विळा वाकला नाई पाह्यजे. पाटा वाकून परत आला पाह्यजे. तापवला का त्याचं परत येणं जाते. थंडाच ठोकायचा, जरा जरा सरकवत."

शंकर मान हलवत राहिला, पण हिराबाईनं पदर खोचला. "किती वाकवायचा ते सांगा. मी ठोकतो."

किती, हा प्रश्न खरा होता. मामानं हाताचा पंजा आणि एक बोट दाखवलं. "नवा होता तवा मधात सहा इंच पोट होतं याले." पण सहा इंच पोट मधे असलं तरी कडेला कमान कशी असावी? एकीकडे जास्त, एकीकडे कमी झाली तर? मी घरी जाऊन वही काढली. पाट्याची लांबी साडेतीन फूट, मधली खोली सहा इंच. वर्तुळाचा तुकडाच तो. त्रिज्या काढली, चाळीस इंचाला अगदी थोडी कमी आली. ती मी तीन वेळा पडताळली. मग चाळीस इंचाची दोरी घेतली, शाळेमागच्या कडक जमिनीत खुंटी ठोकली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोळसा बांधला आणि कमान आखली. पाटा त्या रेघेवर टेकवायचा, मधे फट दिसली की पुन्हा ऐरणीवर. हिराबाई त्या रेघेकडे बराच वेळ बघत होती. "हे तुह्या पुस्तकात होतं?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "बरं हाय पुस्तक," ती म्हणाली.

दोन लोखंडी ठोकळे चार बोटं अंतरावर ठेवले. पाट्याची खोलगट बाजू वर. शंकर धरायचा, मी थोडं थोडं सरकवायची, हिराबाई मधोमध घण मारायची. थंड पोलादावरचा घाव वेगळा वाजतो. तापलेल्या लोखंडाचा आवाज बसका असतो, याचा थेट दातांत जायचा. शाळेतली पोरं खिडकीत जमायची आणि मास्तर त्यांना हाकलायचे. तीन दिवस तो आवाज गावभर चालला. कापसानं भरलेल्या घरांतही तो ऐकू जायचा असं आई म्हणाली. चीर गेलेला पाटा मात्र तिसऱ्याच घावाला दोन तुकडे झाला. हिराबाईनं पालामागच्या ढिगातून कुठल्याशा टेंपोचा जुना पाटा काढला. कुऱ्हाडींसाठी ठेवला होता. शंकर कुरकुरला. "राहू दे," ती म्हणाली, "कुऱ्हाडी पुढच्या वर्सी करू," आणि छिन्नीनं तो मापाला कापून दिला.

तिसऱ्या दिवशी ऊन उतरत आलं होतं. शेवटचा पाटा, डावीकडचा मुख्य. मी तो रेघेवर ठेवला तर एका टोकाला बोटभर फट होती. हिराबाई जमिनीवर बसून खांदा दाबत होती. मी तिच्याकडे बघितलं, फटीकडे बघितलं, आणि म्हटलं, "झालं."

दुसऱ्या दिवशी सगळं बांधलं, आवळलं, ओंडके काढले. जीप चाकांवर आली. मामा काठी टेकत मागे गेला, लांबून बघितलं, आणि त्याचा चेहरा फुलला. "उभी राह्यली पाय!" पण मी डाव्या आणि उजव्या चाकावरची जागा बोटांनी मोजली. डावीकडे दोन बोटं कमी होती.

"चालते तेवढं," मामा म्हणाला. "फौजेत चालते."

"नाई चालत." माझा आवाज चढला. "डावीकडं पडली तं पोरी डावीकडंच पडतीन. ते मले ठाव होतं, मामा. मी फट पाह्यली होती आन् झालं म्हटलं होतं."

आम्ही दोघंही एकाच गोष्टीपाशी येऊन उभे होतो, आणि हे दोघांनाही कळलं होतं. त्यानं जॅक माझ्याकडे सरकवला. "काढ मंग," तो म्हणाला.

मी पुन्हा सगळं खोललं. या वेळी नट सहज सुटले, दुपारपर्यंत पाटा खांद्यावर होता. हिराबाईपाशी गेले आणि खरं सांगितलं, की मला काल दिसलं होतं, पण तुम्ही थकल्या होत्या म्हणून गप्प बसले.

ती चांगलीच संतापली. "मी थकली हे तुले कोणी पाहाले सांगतलं? घणाचं मी पाहीन. तू रेघ पाय. रेघ पाहाणारंच खोटं बोललं तं ठोकणाऱ्यानं काय करावं?"

असं मला त्यानंतर कोणी रागावलं नाही. पुढे मोठमोठ्या लोकांनी मला कामातल्या खरेपणाविषयी भाषणं दिली. मला दरवेळी ती कासोट्यातली, घामानं निथळणारी बाई आठवली. तिनं तो पाटा अर्ध्या तासात रेघेला आणला, आणि मी चारही बाजूंनी बघेपर्यंत बसली नाही.

जीप सरळ उभी राहिली. आता गावाला पटवायचं होतं. मी आधी एकटीच किसनरावांकडे गेले, ते वखर धूत होते. "काका, गाडी सुदी झाली. तुमी पाहाले या." ते म्हणाले, "उभी गाडी पाहून काय करू? उभी तं पहिलेही झकास दिसे." मला त्यांचं म्हणणं पटलं. मी परत येऊन आईला तसंच सांगितलं. आई म्हणाली, "बरोबर हाय त्याचं. मंग भरून दाखवू."

ती घराघरांत गेली. काय बोलली मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं अंगणात आली तेव्हा जीपपाशी आठ बाया उभ्या होत्या, त्या मुलींच्या आया. नववी माझी आई. कमलची आई जनाबाई सर्वांत आधी पायरीवर चढली. "पोरी बसतात तं माया काहून नाई बसत?" ती म्हणाली. तिचं वजन दोन कमलींएवढं तरी होतं. नऊ बाया बसल्या आणि मी मागे जाऊन बघितलं. जीप खाली आली, पण बसली नाही. चाक आणि पत्रा यांच्यामध्ये माझा आडवा हात मावत होता.

मामानं दुखऱ्या कमरेला धोतर आवळून बांधलं आणि स्टिअरिंगवर बसला. मी जीपच्या मागच्या चाकाशेजारून चालत पाण्यात उतरले. पाणी गार होतं. काठावर किसनराव आणि आणखी काही माणसं उभी होती. त्याच जागी आलो तेव्हा जीपनं तसाच गचका खाल्ला, मागचं अंग दबलं, बाया "अगं माय!" करून एकमेकींना धरून बसल्या. मी हात चाकावर आडवा धरला होता. चार बोटं, तीन बोटं. मग पाट्यांनी ते सगळं ओझं उचलून परत वर दिलं. मला ते हाताला कळलं. ते कळणं कसं होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. जीप पलीकडच्या काठावर चढली, आणि जनाबाईनं मागे वळून आपल्या नवऱ्याला हात केला.

किसनराव पाण्यातून चालत आले. जीपखाली वाकले, डावा पाटा दाबून बघितला, उजवा बघितला.

"ठोकळे?" त्यांनी विचारलं.

"जाळले," मामा म्हणाला. "चुलीत घातले सुमेच्या मायनं."

किसनराव उठले. हात धोतराला पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सकाळी किती वाजता निघते ही?"

"साडेसहाले, काका."

"कमल सहाले येईन. तिची वही गेली वाहून, तुही देजो तिले उतराले."

परीक्षेच्या पहिल्या दिवशी आम्ही नऊच्या नऊ होतो. त्यातल्या सातजणी पास झाल्या. कमल नर्सिंगला गेली. मी पास झाले, पण भौतिकशास्त्रात इतके कमी गुण पडले की इंजिनियरिंगचं नाव काढायची सोय उरली नाही. बाबांना वाईट वाटलं. त्यांनी तसं दाखवलं नाही, पण ते त्या रविवारी जेवले कमी. मी आठ दिवस कापसाच्या, आता अर्ध्या रिकाम्या झालेल्या खोलीत बसून राहिले. रडले असेन, आठवत नाही. नवव्या दिवशी बाबांना म्हटलं, मला आयटीआयला जायचं आहे, मोटार मेकॅनिकला.

अर्ज भरायला बाबा बरोबर आले. रांगेत सगळी मुलंच होती. खिडकीतल्या बाबूनं अर्ज वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता. माझं भलंच करावं असं त्याला वाटत असणार. "मास्तर, चूक झाली," तो म्हणाला. "पोरींचं शिवणकाम पलीकडच्या खिडकीत हाय." त्यानं अर्ज बाहेर सरकवला. बाबा काही बोलायला गेले, पण मी त्यांच्या पुढे झाले. रांगेतली मुलं हसत होती. मी अर्ज उचलला, त्याला पडलेली घडी खिडकीच्या फळीवर तळहातानं नीट सपाट केली, आणि तो परत आत सरकवला.